शेवटच्या पाचशे फुटांसाठी

व्हीआर हेडसेट लावून विमान उडवणाऱ्यांच्या गप्पा रंगल्या की सगळ्यांचा जीव एकाच आकड्यात अडकलेला दिसतो: सेकंदाला किती फ्रेम मिळतात? कुणी चाळीस सांगतो, कुणी सत्तर. मी तो आकडा फारसा बघत नाही. जुहूच्या २६ क्रमांकाच्या धावपट्टीवर सेसना १७२ उतरवायला घेतलं की, जमीन ५०० फुटांवर आल्यापासून चाकं टेकेपर्यंत चित्र एकदा तरी अडखळतं का, एवढंच मी तपासतो. तिथे ते अखंड चाललं तर बाकी सगळीकडे निभावून जातं. तिथे अडखळलं, तर दहा हजार फुटांवर मिळालेल्या नव्वद फ्रेम कुठल्या कामाच्या?

हा हट्ट का, ते सांगायला हवं. विमान टेकवण्याआधी त्याचं नाक अलगद वर घ्यावं लागतं. याला फ्लेअर म्हणतात. त्या क्षणी पायलटची नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे असते आणि चाकांखाली किती अंतर उरलंय याचा अंदाज त्याला येतो तो बराचसा नजरेच्या कडांनी. दोन्ही बाजूंची जमीन कशी रुंदावत वर येते, कडेचे दिवे कोणत्या वेगानं मागे पळतात, यावरून हात आपोआप योक किती ओढायचा ते ठरवतो. मॉनिटरवर नजरेला ही कड मिळतच नाही, म्हणून मॉनिटरवर वर्षानुवर्षं उडवणारा माणूसही अनेकदा विमान धपकन आपटतो. हेडसेटमध्ये ती कड बऱ्याच अंशी परत मिळते. डावीकडे वळताना खांद्यावरून मागे वळून धावपट्टी बघता येते, पंखाचा तिरका आधारदांडा डोळ्यांसमोर खऱ्या जाडीचा दिसतो, खोली कळते. युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेनं, ईएएसएनं, एप्रिल २०२१ मध्ये व्हीआरवर आधारलेल्या प्रशिक्षण सिम्युलेटरला पहिल्यांदा मान्यता दिली, ती रॉबिन्सन आर २२ या हेलिकॉप्टरच्या. मला त्यात नवल वाटलं नाही. जमिनीलगत हेलिकॉप्टर अधांतरी स्थिर धरायचं तर खोलीची जाण आणि नजरेची कड हीच मुख्य शिदोरी.

पण नजरेच्या कडेला हालचाल फार लवकर टोचते. समोरचं चित्र किंचित अडखळलेलं मेंदू माफ करतो, बाजूची जमीन अडखळली तर करत नाही. आणि सिम्युलेटरवर सगळ्यात जास्त ताण येतो तो नेमका इथेच, शहराच्या छातीवर, जमिनीजवळ. नजरेला जेव्हा अखंड चित्राची सर्वात जास्त गरज असते तेव्हाच संगणकाला ते देणं सर्वात अवघड जातं. सगळी कारागिरी या एका पेचाभोवती आहे.

आधी हिशोब. ९० हर्ट्झचा हेडसेट सेकंदाला नव्वद वेळा चित्र मागतो, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी संगणकाच्या हाती ११.१ मिलिसेकंद. ७२ हर्ट्झला १३.९. त्या अवधीत दोन डोळ्यांसाठी दोन वेगवेगळी चित्रं काढायची असतात, आणि तीही साध्या मापाची नाहीत. एचपी रिव्हर्ब जी२ या हेडसेटचा पडदा प्रत्येक डोळ्याला २१६० गुणिले २१६० पिक्सेलचा आहे. पण त्याची भिंगं चित्राला पिनकुशनसारखा बाक देतात. तो आधीच उलट बाक देऊन भरून काढायचा तर चित्र पडद्यापेक्षा मोठं काढावं लागतं. त्यामुळे पूर्ण दर्जाला एका डोळ्याचं चित्र साधारण ३१६० गुणिले ३१०० होतं. दोन्ही डोळ्यांचे मिळून जवळजवळ दोन कोटी पिक्सेल. घरच्या फुल एचडी मॉनिटरवर ते वीस लाख त्र्याहत्तर हजार असतात. ज्या कार्डावर मॉनिटरवरचे खेळ मख्खनसारखे चालतात, तेच कार्ड हेडसेटमध्ये का गुडघे टेकतं, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

म्हणून पहिला हात घालायचा तो पिक्सेलना. इथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमधला रेंडर स्केल लांबी आणि रुंदी दोन्हींना स्वतंत्रपणे लागतो. ७० टक्के केलं की पिक्सेल निम्मे होतात. हेडसेट चालवणाऱ्या स्टीमव्हीआर या सॉफ्टवेअरमधली टक्केवारी मात्र एकूण पिक्सेलची आहे. तिथे निम्मे करायला ५० टक्केच करावं लागतं. एकानं सांगितलेला आकडा दुसऱ्यानं दुसऱ्या जागी भरला की दोघंही म्हणतात, तुझं सेटिंग माझ्याकडे चालत नाही. शिवाय दोन्ही ठिकाणी कपात केली तर तिचा गुणाकार होतो. मी एक जागा पूर्ण शंभरावर ठेवतो आणि फक्त दुसरी हलवतो.

पण पिक्सेल कमी करून भागेलच असं नाही, कारण ताण दोन ठिकाणी पडतो आणि दोन्हींची औषधं वेगळी. ग्राफिक्स कार्ड चित्र रंगवतं. प्रोसेसरचा मुख्य धागा, ज्याला सगळे मेन थ्रेड म्हणतात, तो जग मांडतो: विमानाची गती, इमारती, रहदारी, कॉकपिटमधले पडदे, काय दिसणार आणि काय नाही. मेन थ्रेड वेळेवर मोकळा झाला नाही तर कार्ड नुसतं वाट बघत बसतं. मग रेंडर स्केल कितीही उतरवा, चित्र धूसर होतं आणि अडखळणं जसंच्या तसं राहतं. सिम्युलेटरच्या डेव्हलपर मोडमध्ये एक छोटी चौकट उघडते, तिच्यात सध्या कुणामुळे अडलंय ते स्पष्ट लिहून येतं. ती बघितल्याशिवाय एकही सेटिंग हलवू नये, असं माझं ठाम मत आहे.

जुहू मी निवडलं ते याचसाठी. १९२८ मध्ये सुरू झालेला हा विमानतळ. १९३२ साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे इथेच उतरले. आज खऱ्या जुहूवर मुख्यतः हेलिकॉप्टरांची ये-जा असते, पण सिम्युलेटरमध्ये आपल्याला मोकळीक आहे. २६ वरून उड्डाण केलं की काही क्षणांत खाली फक्त अरबी समुद्र. मेन थ्रेडचा ताण झर्रकन उतरतो, कारण मांडायला काही उरतच नाही. वळसा घालून पूर्वेकडून आत आलं की शेजारी मोठा विमानतळ, खाली विलेपार्ले, अंधेरी, इमारतींचा खच. ताण परत टोकाला. आता जुलैचं हवामान लावायचं, खाली उतरलेले जाड ढग आणायचे, आणि तोच फेरा पुन्हा मारायचा. ढग रंगवायचं काम कार्डाचं. समुद्रावरही चित्र जड झालं, तर दोष कार्डाकडे; समुद्रावर हलकं आणि पार्ल्यावर जड, तर प्रोसेसरकडे. एका फेऱ्यात दोघांची नाडी कळते.

ढग अल्ट्रावरून हायवर आणले तर हेडसेटमध्ये फरक शोधून सापडत नाही, पण कार्डाला मोठा श्वास मिळतो. व्हीआरमध्ये मी करतो ती पहिली कपात ही. प्रोसेसरच्या बाजूला सर्वात मोठा घास टेरेन लेव्हल ऑफ डिटेलचा: किती दूरपर्यंतची जमीन आणि इमारती तपशिलानं मांडायच्या, ते तो आकडा ठरवतो. सह्याद्रीवरून जाताना तो मोठा हवा, नाहीतर राजमाची, लोहगड जवळ येईपर्यंत मेणाचे गोळे वाटतात. मुंबईत उतरताना तो छोटा चालतो, कारण दूरचं बघायला वेळच नसतो. त्याखालोखाल उभी विमानं आणि हवाई रहदारी. आणि जी१००० सारखे काचेचे पडदे असलेलं कॉकपिट असेल तर त्या पडद्यांचा रिफ्रेश रेट. तो एक पायरी उतरवला तर उंचीची पट्टी जराशी टप्प्याटप्प्यानं सरकते, पण बाहेरची जमीन सुरळीत धावते. मला हा सौदा नेहमी मंजूर असतो.

डीएलएसएसबद्दल वाद पुष्कळ होतात. २०२२ मध्ये तो मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये आला तेव्हा अनेकांना वाटलं, प्रश्न सुटला. लहान चित्र काढून ते मोठं करण्याची ही युक्ती बाहेरच्या दृश्याला छान लागू पडते. पण जी१००० च्या पडद्यावर बघा: उंचीचे आकडे बदलू लागले की प्रत्येक आकड्यामागे त्याचीच फिकट शेपटी रेंगाळते, आणि उतरताना तर आकडे सतत बदलत असतात. म्हणून काचेच्या कॉकपिटमध्ये मी रेंडर स्केल थोडा उतरवून टीएए, म्हणजे नुसत्या कडा गुळगुळीत करणारी रीत, वापरतो, आणि काट्यांच्या घड्याळांसारखी उपकरणं असलेल्या जुन्या विमानात डीएलएसएस. काटा सरकताना शेपटी जाणवत नाही.

एवढं करूनही ११.१ मिलिसेकंदांत काम आटोपत नाही, बहुतेकांचं आटोपतच नाही. इथे लयीचा प्रश्न येतो. तबलजीनं ठेका विलंबित धरला तरी गाणं रंगतं, द्रुत धरला तरी रंगतं. मात्रा मागेपुढे झाली की मात्र गायक अडतो. डोळ्यांचं तसंच आहे. साठ आणि पंच्याऐंशीच्या मध्ये हेलकावे खाणाऱ्या फ्रेमपेक्षा अढळ पंचेचाळीस कितीतरी सुखाच्या. पंचेचाळीस म्हणजे नव्वदच्या बरोबर निम्म्या, प्रत्येक चित्राला २२.२ मिलिसेकंद, आणि प्रत्येक चित्र पडद्यावर दोनदा. दुसऱ्या वेळी तेच चित्र न दाखवता मधलं चित्र हेडसेटच्या सॉफ्टवेअरनं स्वतः अंदाजानं बनवायचं, याला मोशन रिप्रोजेक्शन म्हणतात. ऑक्युलसनं २०१६ मध्ये आणि स्टीमव्हीआरनं २०१८ मध्ये आपापल्या नावांनी ही सोय आणली.

तिची किंमत जवळून बघण्यासारखी आहे. सेसनाचा पंखा फिरत असताना त्यातून पलीकडे बघितलं की टेकडीची कड पाण्यात बुडवल्यासारखी थरथरते, कारण पंखा आणि टेकडी वेगवेगळ्या वेगानं हलतात आणि अंदाज बांधणाऱ्या सॉफ्टवेअरला कुणाला कुठे सरकवायचं ते उमगत नाही. पंखाच्या आधारदांड्याच्या दोन्ही बाजूंनाही अशीच झालर दिसते. रिप्रोजेक्शन बंद ठेवून निम्म्या फ्रेमवर उडवलं तर झालर जाते, पण बाजूच्या खिडकीतून बघताना प्रत्येक इमारतीला दोन कडा दिसतात: एक आताची, एक क्षणापूर्वीची. मी झालर पत्करतो. उतरताना पंख्यातून बघायचं नसतंच, आणि बाजूच्या जमिनीच्या दोन कडा मात्र चालणार नाहीत. ज्यांना जेट उडवायचंय त्यांच्यापुढे पंख्याचा प्रश्नच नाही. त्यांनी बिनधास्त रिप्रोजेक्शन वापरावं.

डोळ्यांचा माग घेणारा हेडसेट असेल तर आणखी एक वाट उघडते. आपला डोळा मधल्या जेमतेम दोनेक अंशांतच बारीक बघतो. नजर जिथे, तिथेच पूर्ण दर्जाचं चित्र काढायचं आणि बाकीचं हलक्या दर्जाचं, हे फोव्हिएटेड रेंडरिंग. लढाऊ विमानांच्या डीसीएस वर्ल्ड या सिम्युलेटरमध्ये क्वाड व्ह्यूजच्या, म्हणजे प्रत्येक डोळ्याला दोन दृश्यांच्या, रूपानं ते उत्तम चालतं. पण हे औषध कार्डाचं आहे. प्रोसेसर अडला असेल तर त्यानं काही बरं होत नाही, उलट दोनऐवजी चार दृश्यं मांडायचा भार त्याच्यावर पडू शकतो. प्रोसेसरसाठी पैसे खर्च करायचे तर मोठ्या कॅशवर करावेत. ९६ एमबी एल३ कॅश घेऊन २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७ ५८००एक्स३डी नं सिम्युलेटरवाल्यांना हे पटवून दिलं.

आणि आपल्याकडे एक सेटिंग कुठल्याच मेनूत नसतं: खोलीचं तापमान. मे महिन्यात दुपारी, बंद खोलीत, धुळीनं भरलेल्या पंख्यांवर कार्ड तापतं आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतं. डिसेंबरात बसवलेली लय मेमध्ये सुटते ती यामुळे. विंडोजमधल्या जादूच्या नोंदी बदलण्याआधी कॅबिनेट उघडून धूळ काढा. फरक तिथे जास्त पडतो.

बसवण्याची माझी रीत साधी आहे. धावपट्टी समोर, उंची ५०० फूट, अशा जागी उड्डाण साठवून ठेवायचं. हवामान आणि वेळ ठरलेली, लाइव्ह रहदारी बंद. एका वेळी एकच सेटिंग हलवायचं आणि वहीत लिहायचं. पहिला फेरा धरायचा नाही, कारण तेव्हा डिस्कवरून आणि इंटरनेटवरून जमीन उतरत असते. चक्कर किंवा मळमळ जाणवू लागली की सहन करत बसायचं नाही, हेडसेट लगेच काढायचा. डोळे सांगतात विमान वळलं, कान सांगतो काहीच हललं नाही, हा झगडा मुळातच असतो. डोकं वळल्यावर चित्र उशिरा आलं की तो दुप्पट होतो. डोक्याची हालचाल आणि चित्र यांच्यातलं अंतर साधारण २० मिलिसेकंदांच्या आत हवं, ते यासाठीच.

आपल्या मंडळींना एक विनंती. कुणाला आपली सेटिंगं सांगाल, तेव्हा फ्रेमचा नुसता आकडा सांगू नका. हेडसेट कोणता, तो किती हर्ट्झवर लावलाय, रेंडर स्केल सिम्युलेटरमधला की स्टीमव्हीआरमधला, विमान काचेच्या कॉकपिटचं की काट्यांचं, आणि आकडा कुठे मोजला, समुद्रावर की शहरावर उतरताना, एवढं सोबत लिहा. नवखा माणूस तुमचा आकडा बघून हजारो रुपयांचं कार्ड विकत घेतो, आणि त्याचा प्रोसेसर अडलेला असतो.