पहिली चावी फिरवण्यापूर्वी

जुन्या मोटारीचे इंजिन पूर्ण उघडून, सिलिंडर बोअर करून, नवे पिस्टन, रिंग आणि बेअरिंग घालून पुन्हा बांधले, की घरातील सर्वांना ते सुरू झालेले ऐकण्याची घाई होते. खर्च झालेला असतो, गाडी दोन महिने गॅरेजात अडकलेली असते आणि चावी हाताशी असते. परंतु बांधलेल्या इंजिनाच्या आयुष्यातील अत्यंत नाजूक वेळ हीच होय.

सांगलीच्या एका हळद-व्यापारी कुटुंबातील प्रीमियर पद्मिनीची हकीकत या दृष्टीने सांगण्यासारखी आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली आणि तीच १९७४ पासून पद्मिनी या नावाने विकली गेली. १०८९ सी.सी.चे चार सिलिंडरचे साधे इंजिन, मागे टाकी, पुढे कार्ब्युरेटर. पेढीचे कित्येक सौदे या गाडीत बसून झालेले. ऐंशी ओलांडलेल्या अण्णांनी ती विकू दिली नाही. इंजिनाचा खर्च गाडीच्या बाजारभावाहून अधिक झाला, हे मुलाने वहीत लिहिले. अण्णांना दाखवले नाही.

क्रँक आणि ब्लॉकचे काम कोल्हापूरच्या उद्यमनगरातून करून आणले. दिवाळीच्या पाडव्याला, वहीपूजनानंतर, मुहूर्त साधण्यासाठी मुलाने चावी लावली. तर मेस्त्रींनी बॅटरीची तार काढून ठेवलेली. "दादा, पेट्रोल अजून मागेच आहे," एवढेच ते म्हणाले.

त्याचा अर्थ असा. या गाडीचा पेट्रोल पंप विजेवर नव्हे, इंजिनातील कॅमशाफ्टवर चालतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक होतो, म्हणजे पंपाला दोन फेऱ्यांत एकच झटका मिळतो. टाकीपासून पुढपर्यंतची नळी, पंपाची वाटी, कार्ब्युरेटरचे कुंड, सारे रिकामे असताना केवळ सेल्फ मारून पेट्रोल वर खेचायचे, तर बॅटरी थकेपर्यंत सेल्फ मारीत राहावे लागते. तेवढ्या वेळात जोडणी करताना कॅम आणि टॅपेटवर लावलेला तेलाचा थर पुसला जातो. सेल्फच्या मंद गतीत तेथे पुरेसे तेल उडत नाही, आणि कोरा पृष्ठभाग कोऱ्या पृष्ठभागावर घासतो. बँकेत कर्जाची प्रकरणे हाताळलेल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल: यंत्रासाठी मुदतकर्ज मंजूर होते, खेळत्या भांडवलाचा विचार मागे राहतो, आणि कोरे यंत्र ताडपत्रीखाली पडून राहते.

पुतण्याने एक उपाय सुचवला. बाटलीतील पेट्रोल कार्ब्युरेटरच्या तोंडात ओतावे. गॅरेजात हे सर्रास चालते. पण ते चालते म्हणून योग्य नव्हे. नव्या जोडणीत टायमिंग किंचित चुकले असेल तर ज्वाला त्याच तोंडातून उलट येते, आणि बाटली धरणारा वाकून पाहत असतो. मेस्त्रींनी बाटली घेऊन दूर, आवाराच्या भिंतीपाशी ठेवली.

टाकी त्यांनी आधीच रिकामी करून धुतली होती, कारण साठून राहिलेले पेट्रोल चिकट होते आणि जेटची भोके बुजवते. प्लग काढून, इंजिनावर भार नसताना, तेलाचा दाबही पाहून झाला होता. आता पंपाच्या खालची हाताने चालवायची कळ ते दाबू लागले. कळ नुसतीच हलत होती. कॅमचा उंचवटा पंपाच्या दांड्याला टेकून थांबला असेल, तर कळीला काम उरत नाही. म्हणून पाना लावून क्रँक एक पूर्ण फेरा फिरवला. त्यानंतर कळ जड लागली. तीसचाळीस वेळा दाबल्यावर ती एकाएकी हलकी झाली: कुंड भरले, सुई बसली. मग कोरड्या बोटाने प्रत्येक सांधा चाचपला. पंपाच्या एका सांध्यावर थेंब धरला होता. तो आवळला, पुसला, पुन्हा पाहिला. मुहूर्त तोवर टळला होता. मुलगा घड्याळ पाहत होता, अण्णा नळी.

आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत पंप विजेचा असतो. सेल्फ न मारता चावी दोनतीनदा चालू-बंद केली की मागच्या बाजूने गुणगुण ऐकू येते आणि नळी भरते. डिझेलचे काम अधिक चिकाटीचे, कारण तेथे एअर राहिली तर इंजिन उठतच नाही. जुन्या डिझेल गाड्यांत स्क्रू सैल करून बुडबुडे संपेपर्यंत हातपंप मारावा लागतो.

बॅटरीची तार जोडली. दुसऱ्या सेल्फला इंजिन उठले. मेस्त्रींनी ते मंद होऊ दिले नाही. वीस मिनिटे वेगात चालवले, म्हणजे कॅमला तेल मिळून तो नीट बसावा. आवाज मोठा होता, शेजारी डोकावले. मग ते बंद करून म्हणाले, "अण्णा, पहिले पाचशे किलोमीटर पन्नासच्या वर न्यायची नाही."

"त्याहून जोरात मी ती कधी चालवलीच नाही," अण्णा म्हणाले.