खुर्चीवरचे गाणे

सभा म्हटली, की मुलांच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर पाण्याचा तांब्या, मागे हार घातलेले अध्यक्ष आणि समोर जांभया आवरीत बसलेले श्रोते. सभेत हसू नये, बोलू नये, चुळबुळ करू नये, असे लहानपणापासून बजावलेले असते. त्यामुळे मोठी कामे करणारी माणसे नेहमी गंभीर चेहऱ्यानेच बसत असली पाहिजेत, अशी समजूत होऊन जाते. परंतु जगातील एका मोठ्या सेवासंस्थेच्या आरंभीच्या सभांत एक गृहस्थ चक्क खुर्चीवर चढून गात असे आणि इतर सभासद मोठ्या आनंदाने त्याला साथ देत.

ही हकीकत आहे अमेरिकेतील शिकागो शहरातली. १८९६ साली पॉल हॅरिस नावाचा एक तरुण वकील तेथे येऊन राहिला. त्याचे बालपण वॉलिंगफर्ड नावाच्या लहानशा गावात आजी-आजोबांच्या घरी गेले होते. तेथे सारेच एकमेकांना नावानिशी ओळखत. शिकागो शहर मात्र अफाट होते. रस्त्यावर माणसांचा पूर लोटलेला असे. पण त्या पुरात हॅरिसचे आपले असे कोणी नव्हते. कामाचे दिवस कसेबसे निघून जात. रविवार उजाडला किंवा सणासुदीची सुट्टी आली, की त्याला एकटेपणा खाऊ लागे. गर्दीत राहूनही माणूस किती एकाकी असू शकतो, याचा त्याला पुरेपूर अनुभव आला.

१९०० साली एके दिवशी तो शहराच्या एका उपनगरात वकील मित्राकडे जेवावयास गेला. जेवणानंतर दोघे फिरावयास बाहेर पडले. तो मित्र वाटेतल्या दुकानदारांना नावाने हाक मारी, त्यांची विचारपूस करी आणि आपल्या पाहुण्याशी त्यांची ओळख करून देई. हॅरिसला आपले गाव आठवले. त्याच्या मनात आले, की या एवढ्या मोठ्या शहरात आपल्यासारखे आणखीही कितीतरी एकाकी जीव असतील. त्यांना एकत्र आणले, तर शहरातही एक लहानसे गाव वसविता येणार नाही का?

हा विचार त्याने बरीच वर्षे मनात घोळविला. अखेर २३ फेब्रुवारी १९०५ रोजी चार माणसे एका कचेरीत जमली. एक वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिवणकामाचा व्यवसाय करणारा. ना सभागृह, ना व्यासपीठ. दर पंधरवड्यास आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत जमावे, असे ठरले. अशी ही फिरती सभा. म्हणून तिचे नाव ‘रोटरी’ पडले. तिसरी सभा तर कोळशाच्या वखारीत भरली! प्रत्येक व्यवसायातला एकेकच सभासद घ्यावयाचा, अशी प्रथा त्यांनी घातली. म्हणजे स्पर्धेची भिंत मध्ये उभी राहणार नाही, असा त्यांचा हेतू होता. एकमेकांना ‘श्रीयुत’ म्हणावयाचे नाही, सरळ पहिल्या नावाने हाक मारावयाची, असाही परिपाठ पडला. पोक्त व्यापाऱ्याला शाळासोबत्याप्रमाणे एकेरी नावाने हाक ऐकताना प्रथम किती गंमत वाटली असेल!

पण मैत्री केवळ नियमांनी होत नाही. दिवसभर धंद्याच्या विवंचनेत शिणलेली माणसे संध्याकाळी एकत्र बसली, म्हणजे बोलणे लवकर आटते. एक जण घड्याळाकडे पाहतो, दुसरा टोपी शोधू लागतो. असे चार-सहा वेळा घडले, की पाचव्या-सहाव्या खेपेस खुर्च्या रिकाम्या दिसू लागतात. चांगल्या हेतूने स्थापन झालेली कितीतरी मंडळे याच आजाराने डोळे मिटतात.

या नव्या मंडळाचा पाचवा सभासद होता हॅरी रगल्स. हा छापखान्याचा मालक. एका सभेत त्याने उडी मारून खुर्ची गाठली आणि ‘चला, गाऊ या!’ अशा अर्थाची हाक देऊन स्वतःच गाणे सुरू केले. कार्यक्रमपत्रिकेत गाण्याचा उल्लेख नव्हता. कोणी तालीम केलेली नव्हती. सभासद काही गवई नव्हते. पण एकाने सूर धरला, म्हणजे दुसऱ्याला गप्प राहवत नाही. कोळशाचा व्यापारी आणि वकील एका आवाजात गाऊ लागले. आवाज जुळले असतील किंवा नसतील; मने मात्र जुळली. पुढे सभेत एकत्र गाण्याची रीतच पडली. रगल्सने आपल्या छापखान्यात गीतांची पुस्तिकाही छापली.

बेसूर गाण्याचा एक मोठा गुण आहे. चारचौघांत जो बेसूर गातो आणि स्वतःवर मोकळेपणाने हसतो, त्याची पुन्हा त्या मंडळींत कोणाला भीती वाटत नाही. मोठेपणाचा अंगरखा एकदा खुंटीला टांगला, की मग आतला साधा माणूस दिसतो. आपल्याकडील शेतकरी कापणीच्या वेळी भलरी गातात; जात्यावर बसलेल्या बायका ओव्या म्हणतात. काम जड असते, म्हणूनच तर गाणे लागते.

शिकागोच्या या मंडळींपुढेही लवकरच असे एक जड काम आले. आपण आनंदात आहोत, एवढ्यावर हॅरिसचे समाधान होईना. या मैत्रीचा शहराला काय उपयोग, असे तो विचारू लागला. काही सभासदांना हे पटत नव्हते. आपण चार घटका मजेत घालविण्यासाठी जमतो. शहराची उठाठेव आपण का करावी, असे त्यांना वाटे. तरीही १९०७ साली मंडळाने एक काम अंगावर घेतले. ते कोणते, हे ऐकून कदाचित हसू येईल. शहरात सार्वजनिक स्वच्छतागृहे नव्हती. ती बांधावीत, म्हणून त्यांनी खटपट आरंभिली.

या साध्या गोष्टीला केवढा विरोध झाला! मद्य तयार करणाऱ्यांचा संघ म्हणाला, पुरुषांसाठी आमच्या गुत्त्यांत सोय आहेच. मोठमोठ्या दुकानांचे मालक म्हणाले, स्त्रियांसाठी आमच्या दुकानांत सोय आहे. परंतु नैसर्गिक गरजेसाठी माणसाने मद्याचा पेला का विकत घ्यावा? खिशात पैसा नसलेल्या गरीब बाईने सजविलेल्या दुकानाची पायरी कशी चढावी? मंडळाने हा प्रश्न सोडला नाही. नगरातील इतर संस्थांना त्यांनी बरोबर घेतले आणि अखेर ते काम तडीस गेले. जी माणसे एकत्र हसली होती, ती विरोध सोसतानाही एकत्र राहिली.

फिरती सभा मग शिकागोबाहेर पडली आणि देशोदेशी पोहोचली. मुंबईत १९२९ साली रोटरी क्लब स्थापन झाला. त्यानंतर महाराष्ट्रातील अनेक शहरांत व गावांत असे क्लब निघाले. आरंभी या क्लबांत केवळ पुरुषांनाच प्रवेश होता. अर्ध्या समाजाला दाराबाहेर ठेवणारी ही चूक १९८९ साली दुरुस्त झाली आणि स्त्रियाही सभासद होऊ लागल्या.

अशा मंडळांच्या सभांत गमतीची जागा अजून टिकून आहे. कोणी उशिरा आला, की त्याला लटका दंड होतो आणि दंडाचा पैसा सेवेच्या पेटीत पडतो. ठरलेला वक्ता ऐनवेळी आला नाही, तर सभा मोडण्याचे कारण नसते. कोणी नकला करतो, कोणी कोडी घालतो, कोणी शाळेत पाठ केलेली कविता अर्ध्यावर विसरतो आणि तिचा उरलेला भाग बाकीचे मिळून पुरा करतात. खळखळून हसण्यात घटकाभर जाते. नंतर त्याच टेबलावर रक्तदान शिबिराची यादी उघडली जाते.

१९८५ साली रोटरीने जगातून पोलिओ हटविण्याचा संकल्प केला. भारतात १९९५ साली देशव्यापी पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. सरकारी आरोग्यसेवक आणि अंगणवाडी सेविका यांच्याबरोबर स्वयंसेवकही लसीकरण केंद्रांवर बसू लागले. काम सोपे नव्हते. दोनच थेंब द्यावयाचे. पण भेदरलेले मूल तोंड उघडीना, आणि उघडलेच तर रडण्यासाठी! अशा वेळी डॉक्टरी ज्ञानापेक्षा एखादी शिट्टी, एखादा फुगा किंवा वेडेवाकडे तोंड करणारा एखादा काका अधिक उपयोगी पडे. मूल हसले, की काम झाले. अशा कोट्यवधी थेंबांचे फळ म्हणून जानेवारी २०११ नंतर भारतात पोलिओच्या नैसर्गिक विषाणूचा एकही रुग्ण आढळला नाही आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले.

रडणाऱ्या बाळासमोर तोंड वेडेवाकडे करणारा तो काका आणि खुर्चीवर चढून गाणारा तो छापखान्याचा मालक यांची कधी भेट झाली नाही. झाली असती, तर दोघांचे चांगलेच जमले असते.