निनवेची गुरं

पाचोडला भाकितं नवी नाहीत. पैठण तालुक्यातलं हे मोसंबीचं आणि बेभरवशाच्या पावसाचं गाव. रोहिणी लागल्यापासून इथे जो तो आभाळ वाचत असतो. २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, जायकवाडी मृतसाठ्यावर आलं. त्या दिवसांत आमच्या ख्रिस्ती घरांमध्ये शेवटल्या काळाची बोलणी सुरू झाली. एका फिरत्या प्रचारकाने मत्तयाचा चोविसावा अध्याय उघडून लढाया, दुष्काळ, भूकंप अशी यादीच वाचली आणि विचारलं, आता राहिलं काय?

समोर बसलेल्यांत पडेल त्या भावाने बैल विकून आलेली माणसं होती. त्यांनी त्या यादीतून एवढंच घेतलं, की आपल्यावर देवाचा कोप आहे. त्याच अध्यायात येशू या गोष्टींना वेदनांची नुसती सुरुवात म्हणतो, आणि तो दिवस कुणालाच ठाऊक नाही असं बजावतो. ते मात्र कुणी वाचलं नाही.

मला अशा वेळी योना जवळचा वाटतो. चाळीस दिवसांत निनवे उलथेल, हे त्याचं भाकीत. शहराने उपास धरला, माणसांनी गोणपाट नेसलं, जनावरांवरही घातलं. शहर वाचलं. भाकीत चुकलं म्हणून संदेष्टा रुसून बसला. तेव्हा देव त्याला या शहरातल्या एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांची आठवण देतो आणि पुस्तक संपतं. मूळ हिब्रूत अगदी शेवटी उल्लेख येतो तो गुरांचा. भाकीत खरं होऊ नये म्हणूनच ते सांगितलं गेलं होतं. संकटाची खबर आधी देणं, हीच देवाची दया.

पंडिता रमाबाईंनी शेवटल्या काळाकडे असंच पाहिलं असावं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत त्यांनी उपाशी मुलींना केडगावच्या मुक्ती सदनात आणलं. १९०५ साली तिथे मोठं आध्यात्मिक जागरण झालं. योएलाने सांगितलेला आत्म्याचा वर्षाव हाच, असं अनेकांना वाटलं. तरी कामं थांबली नाहीत. विहिरी, शेती, छापखाना चालूच राहिले. रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर पुरं केलं. १९२२ साली त्या वारल्या आणि १९२४ साली ते मुक्तीच्याच छापखान्यात छापून झालं. जग उद्या संपणार असं मानणारा माणूस इतक्या वर्षांचं काम अंगावर घेत नाही.

पेत्राच्या दुसऱ्या पत्रात प्रभूच्या विलंबाला त्याची सहनशीलता म्हटलं आहे. कुणाचा नाश होऊ नये म्हणून तो थांबला आहे. मग आपल्या हाती आहे ती मुदत, आणि मुदतीत शेजाऱ्याच्या गोठ्यात कडब्याच्या चार पेंढ्या टाकता येतात.