खो-खोचा नवा पंच

जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस खो-खोचा पहिला जागतिक चषक झाला व पुरुष आणि स्त्रिया या दोन्ही गटांत तो भारतानें जिंकला. खेळाडूंचें कौतुक झालें, तें योग्यच. परंतु शिट्टी हातीं घेऊन उभा राहणारा पंच कसा तयार होतो, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ सालीं या खेळास नियमांची चौकट दिली. ती राखावयाची ती याच गृहस्थानें.

भोकरदन तालुक्यांतील आमच्या केदारखेड्यास आमचा थोरला पुतण्या पंचपरीक्षेच्या तयारीस लागला आहे. नियमांचें पुस्तक त्यानें आठ दिवसांत मुखोद्गत केलें. (पाठांतर आमच्या घराण्यांत नवें नाहीं!) मैदानावर मात्र त्याची शिट्टी क्षणभर उशिराच वाजे. कारण उघड आहे. नवशिक्याची दृष्टि पळणाऱ्यामागें धांवते. वस्तुतः पाहावयाचें तें बसलेल्या आठांकडे: खो पाठीमागून मिळाला काय, तो मिळण्यापूर्वींच कोणी उठला काय, उठतांना पाऊल मधल्या पाटीपलीकडे पडलें काय. डोळे पायांवर आणि कान 'खो'वर ठेवावे लागतात. दोन पंच मैदान अर्धें-अर्धें सांभाळतात. त्यांचा मतभेद झाल्यास सरपंच निर्णय देतो. हा सरपंच अर्थात् ग्रामपंचायतींतला नव्हे.

येथील एका जुन्या पंचांची शिकविण्याची रीत आम्हांस फार पसंत पडली. नवशिक्यास ते शिट्टी देतच नाहींत. तो शेजारीं उभा राहून आपला निर्णय हळूच उच्चारतो, आणि पाळी संपतांच दोघे ते ताडून पाहतात. नियमभंग झाला म्हणजे पाठलाग करणाऱ्यास उलट दिशेस वळावें लागतें व तेवढ्यांत पळणारा निसटतो. म्हणून चुकीची शिट्टी एका मुलाचे श्रम व्यर्थ घालविते, न वाजलेली दुसऱ्याचे.

खरी कसोटी पुढेंच आहे. गांवांत खेळणारीं मुलें ओळखीचीं, पुष्कळदां भाऊबंदांतलींच. सरावांत पुतण्यानें आपल्या धाकट्या भावाचे तीन नियमभंग पुकारले. दोन दिवस दोघांचें बोलणें बंद होतें. वहिनींचें म्हणणें, घरच्या मुलास जरा सांभाळून घ्यावें. आम्ही त्यांचा मान राखतों, पण हें त्यांचें म्हणणें आम्हांस मुळींच मान्य नाहीं. ज्या भावास सूट मिळाली, त्याच्या गुणांस उद्यां कोण गुण म्हणेल?

येत्या रविवारीं पुतण्याच्या हातीं प्रथमच शिट्टी येणार आहे. धाकटा त्याच सामन्यांत आहे. आपण पाहावयास येणार नाहीं, असें वहिनी म्हणतात. परंतु दशम्यांचें पीठ त्यांनीं कालच दळून आणविलें.