चार लोटे उजेड

इंदूर, मार्गशीर्ष अमावास्या

चि. छकुली,

मृगाच्या बाणाखालच्या तेजोमेघाचा तुझा फोटो पाहिला. मोबाइलवर झकास, मोठा केला तर रवा सांडल्यासारखा. दुसरा, अ‍ॅपने घासूनपुसून धाडलेला, त्याहून वाईट. प्लास्टिकचा ढग! अगं, हा रवा, म्हणजे नॉइज, पुसून निघणारा मळ नव्हे, तो उजेडाचा तुटवडा आहे.

एका पिक्सेलवर सरासरी 100 फोटॉन पडत असतील, तर दर वेळी दहाएक इकडेतिकडे व्हायचेच. शेजारचे चार पिक्सेल एकत्र केलेस की फोटॉन 400 आणि चढउतार 20 चा. दहा टक्क्यांची खोट पाचावर आली. बिनिंग ते एवढंच. फोटो मात्र लांबीरुंदीत निम्मा.

कॅमेऱ्यातच लावू का, विचारतेस. जुन्या सीसीडी सेन्सरात त्याला अर्थ होता. दूधवाल्याने चार लोटे एका बादलीत ओतून एकदाच मापले, तर हात एकदाच हलणार. सीसीडी चार पिक्सेलांचा विद्युतभार आधी एकत्र ओतते, मग वाचते. तुझा सीमॉस लोटान् लोटा वेगळा मापतो आणि मग बेरीज करतो. वाचनाची खोट दुप्पट होते. तेव्हा फोटो पूर्ण आकारात घे, बिनिंग घरी चहा पीत कर. सेन्सर रंगीत आहे, म्हणून रंग आधी वेगळे काढ, नाहीतर खिचडी.

गमावशील काय? 1000 मिमीच्या दुर्बिणीच्या नळीवर 3.76 मायक्रॉनचा पिक्सेल आकाशाचा 0.78 विकला तुकडा टिपतो. तारा तर हवेनेच तीन-चार विकला फासलेला असतो. जपतेयस ते बारकावे फोटोत आलेलेच नाहीत. 135 मिमीच्या लेन्सला मात्र बिनिंग करू नकोस, तारे चौकोनी होतील.

आमच्या गच्चीवर यातलं काही चालत नाही. 2017 पासून स्वच्छतेत पहिलं येणारं आपलं गाव, पण राजवाड्याच्या बाजूचं आभाळ रात्रभर दुधाळ. चार पिक्सेल जोडले की ती सायही चौपट! म्हणून परवा महूपलीकडे जानापावच्या टेकडीवर गेलो. दोन वाजता लेन्सवर दव धरलं; मामीचा मफलर गुंडाळला, तरी शेवटच्या अकरा फ्रेम वाया गेल्याच. उरलेल्या बिन केल्यावर ढगाची कड दिसली, गच्चीवरून कधी न दिसलेली.

पौष अमावास्येला ये. नळी मी उचलतो, ट्रायपॉड तुझा. मफलर स्वतःचा आण, मामी आता देणार नाही.

तुझा
मामा