तळे आणि पिंप

पावसाळ्यात चौकला पाणी कुठे नसते? इर्शाळगडाच्या उतारावरून ओहोळ धावत येतात, भातखाचरे तुडुंब भरतात, रस्त्याच्या कडेचे खड्डेसुद्धा लहानशी तळी होतात. आमच्या घरामागे एक जुने तळे आहे. एका पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाला हिवताप आला. थंडीने त्याचे दात कडकड वाजत. अम्मी रात्रभर त्याच्या उशाशी बसून असत. शेजारचे चाचा अब्बांना म्हणाले, "भाईसाहेब, हे तळेच सगळ्याचे मूळ आहे. त्यात जळके तेल ओता, नाहीतर ते बुजवून टाका."

चाचांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. हिवतापाचे जंतू ॲनॉफिलीस डासाच्या पोटात वाढतात, हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबाद येथे शोधून काढले. आणि डास पाण्यातच जन्मतो. अंड्यातून अळी, अळीतून कोष आणि कोषातून डास. उबदार हवेत हे सारे आठ-दहा दिवसांत होते. पण पाणी म्हटले की डास आलेच, असे आहे का?

"आधी पाहू तर," अब्बा म्हणाले. आम्ही एक पांढरे भांडे घेतले. तळ्याच्या मध्यावरून पाणी काढले, तर त्यात एकही अळी दिसली नाही. काठच्या गवतात मात्र चार-पाच सापडल्या. मग मोरीजवळच्या पिंपातले पाणी काढले. बाप रे! भांडे अळ्यांनी नुसते वळवळत होते.

हा फरक का पडला? तळ्यात अळ्यांना खाणारे खूप असतात. चतुर आपण हवेत उडताना पाहतो, पण त्याचे बालपण पाण्यात जाते. त्याचे पिल्लू दडून बसते आणि खालचा जबडा हातासारखा पुढे फेकून अळी पकडते. पाठीवर उलटे पोहणारे किडे अळीचा रस शोषतात. पृष्ठभागाशी फिरणारे, डोक्यावर चमकता ठिपका असलेले छोटे मासे तर अळ्यांवर टपलेलेच असतात. डासाच्या काही जातींच्या माद्या अशा शत्रूंचा वास ओळखून त्या पाण्यात अंडी घालायचेच टाळतात. पिंपात यांपैकी कोणीच नव्हते. होता तो फक्त कुजलेला पाला, आणि त्यावर वाढणारे सूक्ष्म जीव म्हणजे अळ्यांची मेजवानीच!

वनस्पतींचे वागणे मात्र दुटप्पी असते. काठचे दाट गवत अळ्यांना लपवते; तेथे मासे शिरू शकत नाहीत. मॅन्सोनिया डासाच्या अळ्या तर जलपर्णीसारख्या तरंगत्या वनस्पतींच्या मुळांत नळी खुपसून श्वास घेतात. उलट अझोलासारख्या बारीक वनस्पतीने पाणी गच्च झाकले, तर अनेक डासांना अंडी घालायला जागाच उरत नाही. पाण्यात वाढणाऱ्या काही वनस्पती आपल्या इवल्या पिशव्यांत अळ्या पकडून पचवतातही!

तळ्यात तेल ओतले असते तर अळ्यांबरोबर हे पहारेकरीही मेले असते. डास थोड्याच दिवसांत परत येतो. चतुर आणि मासे इतक्या लवकर येत नाहीत. गप्पी मासे सोडा, असेही कोणी सुचवले. हा मासा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परदेशातून भारतात आणला गेला. सिमेंटच्या टाकीत तो उत्तम काम करतो, पण नैसर्गिक तळ्यात परका मासा सोडणे मला पटत नाही. त्याने आपल्याच माशांची पिल्ले खाल्ली, तर काय करायचे?

शेवटी आम्ही काठचे गवत कापले. पिंप दर जुम्म्याला रिकामे करून, घासून, वर कापड बांधू लागलो. भाऊ दवाखान्यातल्या गोळ्यांनी बरा झाला. त्याला चावलेला डास कुठला होता, हे कोण सांगणार? खाचरातलाही असेल. तळे मात्र वाचले. पुढे भाऊ तासन्‌तास काठावर बसून चतुर मोजू लागला. चाचांनीही पुन्हा तेलाचे नाव काढले नाही. त्यांच्या अंगणातले पाण्याने भरलेले दोन टायर उचलून न्यायला मात्र अब्बांना त्यांच्याकडे तीन वेळा जावे लागले.