ब्रेक ऑइल पुढच्या महिन्यात

२० मार्चला महाडमध्ये राहणाऱ्या माणसाने आपली गाडी आदल्या रात्रीच आतल्या गल्लीत नेऊन लावायची असते. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर जागा उरत नाही. मुंबईहून, मराठवाड्यातून, विदर्भातून माणसे चवदार तळ्यावर येतात. कोणी एसटीने, कोणी लक्झरीने, पण बरेच जण टेम्पोत, पिकअपमध्ये, रंग उडालेल्या सुमोत. कुठेतरी एखादी गाडी बंद पडतेच. मग गल्लीतली पोरे धावतात, आतले लोक उतरतात, धक्का मारतात आणि गाडी खोकत सुरू होते.

अशी गाडी दिसली की मला १९२७ आठवते. वर्गात हा धडा शिकवताना मी मुलांना एक गोष्ट नेहमी सांगते. मार्चमध्ये बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी प्यायले, हे सगळ्यांना माहीत असते. डिसेंबरमध्ये दुसऱ्या परिषदेला ते आणि त्यांचे सहकारी आले ते मात्र ‘पद्मावती’ नावाच्या बोटीने, दासगाव बंदरापर्यंत. मोटारवाल्यांनी आपल्याला बसवून घ्यायला नकार दिला तर दासगावहून पाच मैल पायी चालत महाड गाठता यावे, असा त्यामागे विचार होता. परिषदेच्या मंडपाला गावात जागा मिळत नव्हती, ती दिली फत्तेखान यांनी. म्हणजे आमच्या गावच्या इतिहासात कोण कोणाला गाडीत घेतो आणि कोण कोणाला जागा देतो, हा प्रश्न आधीपासून आहे. स्वतःची गाडी असणे ही चैन नसते, हे त्यावरून मला कळले. आज मात्र मला माझ्याच गाडीबद्दल सांगायचे आहे आणि त्यात अभिमानाने सांगण्यासारखे फार काही नाही.

आमच्या घरात नवी गाडी कधी आलीच नाही. अब्बांची मिनीडोर होती, महाड ते पोलादपूर. रायगडबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, मिनीडोर म्हणजे तीन चाकांची डिझेलवर चालणारी मोठी रिक्षा. पाठीमागे सहा जणांनी बसायचे आणि नऊ जण बसायचे. अब्बांनी ती तिसऱ्या हाताने घेतली होती. तिचा सेल्फ वर्षातून चार महिने चालायचा. म्हणून अब्बा ती नेहमी उताराकडे तोंड करून लावायचे. सकाळी हँडब्रेक सोडायचा, गाडी घरंगळू लागली की गिअर टाकून क्लच सोडायचा. “पोरी, जुन्या गाडीवाल्याने उतार बघून घर घ्यावे,” असे ते म्हणायचे. मी हसायचे. पुढे बी.एड. झाले, नोकरी लागली, लग्न झाले, तरी कुठेही गेले की गाडी लावायला उतार शोधायची सवय गेली नाही.

अब्बांचा दुसरा नियम व्याजाचा. व्याजाने पैसे घेऊन गाडी घ्यायची नाही. रोख असतील तेवढ्यातच घ्यायची. आमच्या नात्यातले बरेच जण आखातात. त्यांची मुले सुट्टीवर आली की लग्नाच्या मांडवाबाहेर चकचकीत गाड्या लागतात. मी २०१२ साली ६२ हजार रोख मोजून २००३ सालची पांढरी मारुती ८०० आणली. नात्यातल्या एका भाभीने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारले, “ही तुमची, की शाळेची?”

मला तिचा राग आला नाही. मी खूश होते. माझे मिस्टर एमआयडीसीत पाळीने काम करतात, त्यांच्या वेळेवर माझी शाळा चालत नाही. पावसात दोन मुले, दप्तरे आणि तपासायच्या वह्या घेऊन सहा आसनीची वाट बघणे काय असते, ते ज्याने बघितली त्यालाच कळेल. आता दार लावले की पाऊस बाहेर. ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तीस वर्षांत या देशातल्या कितीतरी घरांची ती पहिली गाडी झाली. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. बोनेट उघडले की आत काय आहे ते माझ्यासारख्या भाषेच्या शिक्षिकेलाही दिसते. पार्ट कुठेही मिळतात, आणि नवा परवडला नाही तर जुना मिळतो.

मी एक वही ठेवली. प्लग, पट्टा, क्लच प्लेट, रेडिएटर, सायलेन्सरला वेल्डिंग. समोर तारीख आणि रक्कम. गॅरेजवाले चाचा ती वही बघून म्हणायचे, “मॅडम, तुम्ही गाडीची पण परीक्षा घेता.” जुनी गाडी माणसाला गावाशी बांधून ठेवते, हेही खरे. नवी गाडी बंद पडली तर माणूस कंपनीला फोन लावतो. माझी बंद पडली की आधी चहाच्या टपरीवरचे दोघे यायचे, मग एखादा ट्रक ड्रायव्हर थांबायचा. नाव, गाव, जात, धर्म कोणी विचारायचे नाही. विचारायचे ते एवढेच, “पेट्रोल आहे ना?”

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल कोसळला. १९२८ साली बांधलेला. दोन एसटी बस आणि आणखी वाहने पुरात गेली. त्या पुलावरून मी कितीदा गेले असेन याचा हिशेब नाही. त्यानंतर कित्येक दिवस गावात एकच विषय होता. जो तो म्हणत होता, पूल जुना होता. मीही म्हणत होते. जुनी वस्तू वेळच्या वेळी तपासायला हवी, असे मी स्टाफरूममध्ये तावातावाने बोलल्याचे आठवते. तेव्हा माझी गाडी तेरा वर्षांची होती.

२०१८ मध्ये तिला पंधरा वर्षे झाली. पेणला नेऊन पासिंग केले, पर्यावरण कर भरला आणि पाच वर्षांची मुदत मिळाली. मला वाटले, आता पाच वर्षे चिंता नाही. कागदाची मुदत आणि लोखंडाची मुदत एकच असते, असे मी धरून चालले होते.

मग २२ जुलै २०२१. महाडकरांना या तारखेबद्दल सांगायची गरज नाही. पाणी संध्याकाळपासून चढत गेले. आम्ही वरच्या मजल्यावर होतो. गाडीचे टप बुडताना मी पाहिले. त्याच संध्याकाळी तळियेत दरड कोसळून ऐंशीच्या वर माणसे गेली. त्यामुळे गाडीसाठी रडायची लाज वाटली, आणि रडलेही नाही. पाणी उतरल्यावर आत वीतभर चिखल होता. सीटखाली मुलांची एक वही सापडली, पाने एकमेकांना चिकटलेली.

माझा विमा थर्ड पार्टी होता. तो दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो, आपल्या गाडीसाठी त्यात एक पैसा मिळत नाही. जुन्या गाडीला पूर्ण विमा कशाला, असा हिशेब मीच केला होता. एक बरे झाले, मिस्टरांनी किल्ली फिरवू दिली नाही. बुडालेल्या गाडीला सेल्फ मारला तर सिलिंडरमधले पाणी दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतात. त्या दिवसांत घाईने सेल्फ मारलेल्या गाड्या गॅरेजबाहेर रांगेने उभ्या होत्या. आमचे इंजिन वाचले. ऑइल तीनदा बदलले, वायरिंग नवे टाकले, सीट उन्हात वाळवल्या. ३१ हजार ५०० रुपये झाले.

शेवटी चाचा म्हणाले, “मॅडम, ब्रेकचे काम राहिले. ऑइल बदलू, मास्टर सिलिंडर, मागचे लायनर. ४२०० धरा.”

मी म्हणाले, “पुढच्या महिन्यात.”

घरात फ्रिज नव्हता, गाद्या नव्हत्या, तांदूळ वाहून गेला होता. तेव्हाचा नकार मला अजूनही चुकीचा वाटत नाही. चुकीचे पुढचे आहे. वहीत मी लिहिले, ‘ब्रेक ऑइल – पुढच्या महिन्यात.’ आणि हे वाक्य मी दीड वर्ष पुढच्या पानावर उतरवत राहिले. दरम्यान फ्रिज आला, गाद्या आल्या, एका लग्नात आहेरही केला. ब्रेक लागत होते. लागतात तर कशाला हात लावा?

फेब्रुवारी २०२३ मध्ये मी नववीच्या तीन मुलींना भिलारला नेले. पाचगणीजवळचे हे गाव २०१७ पासून पुस्तकांचे गाव म्हणून ओळखले जाते. घराघरांत पुस्तके मांडलेली, कोणीही जावे, बसावे, वाचावे. तिघींनी वर्षभर वाचनात मेहनत घेतली होती, त्यांना बक्षीस म्हणून. पालकांनी एका शब्दावर पाठवले. “तुम्ही आहात ना बाई, मग काय.”

परतताना महाबळेश्वर सोडले आणि आंबेनळी घाट लागला. सुमारे साडेतेराशे मीटरवरून जवळपास समुद्रसपाटीला यायचे, चाळीस किलोमीटरच्या आसपास रस्ता. संध्याकाळ होत होती, मला अंधाराआधी पोलादपूर गाठायचे होते. म्हणून चौथ्या गिअरमध्ये, वळणावळणावर ब्रेक दाबत उतरत होते. मुली मागे भेंड्या लावत होत्या. प्रतापगडचा फाटा मागे पडल्यावर एका वळणाआधी मी ब्रेक दाबला आणि पाय खाली गेला. पार तळापर्यंत. कापसावर पाय ठेवावा तसा.

का झाले ते नंतर समजून घेतले. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. नवे असते तेव्हा ते दोनशे अंशांच्या पुढे उकळते, ओलावा धरलेले १४० च्या आसपासच उकळू लागते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबला की चाकाशी तेवढी उष्णता सहज होते. तेल दबत नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. वाफ मात्र दबते. मग पाय वाफेलाच दाबत राहतो आणि चाक फिरत राहते.

त्या क्षणी यातले काही माहीत नव्हते. अब्बांचे हात आठवले तेवढे. ब्रेक भराभर पंप केला, थोडा लागला. तिसरा गिअर, मग दुसरा, इंजिन किंचाळले. हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी डोंगराच्या बाजूला घेतली. डावे चाक गटारात उतरले, दगडाला घासले आणि थांबलो. दरी दुसऱ्या बाजूला होती. मुलींना वाटले बाईंचा अंदाज चुकला. एक तर हसली. मी म्हणाले, “इंजिन तापलंय, जरा थांबू.” माझ्या तोंडून निघालेले हे खोटे मला आजही आठवते, कारण ते फार सहज निघाले.

पाऊण तास थांबलो. चाके गार झाली, पेडल परत वर आले. एका पिकअपवाल्याने गाडी गटारातून काढून दिली आणि खालपर्यंत पुढे राहिला. दुसऱ्या गिअरमध्ये, पायी चालल्यासारख्या आम्ही पोलादपूरला पोहोचलो.

रात्री झोप लागली नाही. गाडीत माझी मुले असती तर तो माझा संसार होता. त्या तिघी अमानत होत्या. ४२०० रुपये माझे वाचले होते आणि जोखीम त्यांच्या आईबापांची होती, त्यांना न विचारता. स्वस्त गाडीचा हिशेब मी वहीत अगदी काटेकोर लिहिला होता, पण हा रकाना त्यात नव्हताच. आणखी एक गोष्ट टोचली. व्याजाचे कर्ज नको, हा अब्बांचा नियम चांगला होता. पण गेल्या दीड वर्षात मी त्याच्या आड माझी चालढकल लपवत होते. अब्बांची मिनीडोर फाटकी होती, सेल्फ बंद असायचा, पण दर महिन्याला चाके उतरवून ब्रेक बघितल्याशिवाय त्यांनी प्रवासी बसवला नाही. मी त्यांच्याकडून रोखीचा व्यवहार तेवढा घेतला.

दुसऱ्या दिवशी तिन्ही घरी गेले आणि झाले ते सांगितले. एका घरी आईने मुलीला जवळ ओढले आणि काही बोलली नाही. एका घरी म्हणाले, “अल्लाहने वाचवले, विषय सोडा.” तिसऱ्या घरचे वडील रिक्षा चालवतात. त्यांनी सगळे ऐकून घेतले, बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “बाई, पुढच्या वेळी एसटीने न्या.” मला माफीपेक्षा ते वाक्य बरे वाटले, कारण त्यात पुढची वेळ होती.

चाचांनी ब्रेकसाठी गाडी वर घेतली तेव्हा खालचा पत्राही दिसला. पुराच्या चिखलाने तो आतून खाल्ला होता. “शहरात फिरवा. घाट दाखवू नका,” ते म्हणाले. त्याच वर्षी पुन्हा पासिंगची मुदत आली. एप्रिल २०२२ पासून जुन्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ६०० वरून ५ हजार झाली होती. लोक त्या फीला नावे ठेवतात, मीही ठेवली असती. पण या वेळी फीचा प्रश्न नव्हता. गाडी भंगारात दिली. वहीची बेरीज केली. खरेदी ६२ हजार, अकरा वर्षांची दुरुस्ती १ लाख ३४ हजार. पेट्रोल आणि विमा सोडून महिन्याला साधारण पंधराशे रुपये. अजूनही ती स्वस्तच होती. ४२०० वेळेवर दिले असते तरी स्वस्तच राहिली असती.

आता भिशीचे पैसे घालून दुसरी गाडी घेतली आहे. तीही जुनीच, तीही रोखीने. घरी आणायच्या आधी चाचांकडे नेली आणि वहीच्या पहिल्या पानावर पहिली नोंद ब्रेकची केली.

भिलारलाही पुन्हा गेलो, नव्या नववीच्या मुलींना घेऊन. एसटीने. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे सहा जणी गेलो. परतीची बस माझ्या मारुतीची मोठी बहीण शोभावी अशी होती, खिडक्या खडखडणाऱ्या. महाबळेश्वर स्टँडवरून निघण्याआधी ड्रायव्हरसाहेबांनी दोनदा ब्रेक दाबून सोडला. हवेचा फुस्स आवाज आला. मुली भेंड्या लावायला लागल्या. मी पण एक गाणे सांगितले.